व्हॉल्ट पुन्हा पुन्हा ‘परमिशन डिनाइड’ म्हणतो तेव्हा काय तपासायचं

“कालपर्यंत चालत होतं, आम्ही काहीही बदललं नाही, आणि आज 403 येतोय.” हॅशीकॉर्प व्हॉल्ट, म्हणजे पासवर्ड आणि किल्ल्यांसारखी सिक्रेटं कुलपात ठेवून हक्क असणाऱ्यालाच देणारं सॉफ्टवेअर, सांभाळणाऱ्या माणसाला येणारा निरोप बहुतेक वेळा एवढाच असतो. एवढ्यावरून काहीच कळत नाही. म्हणून मी आधी विचारतो, की यांतलं नेमकं काय दिसतंय:

- ॲप सुरू होताना सिक्रेट मागतं आणि पहिल्याच विनंतीला 403 ‘परमिशन डिनाइड’ येतो.
- महिनाभर सगळं सुरळीत, मग एका दिवशी अचानक बंद. कुणीतरी नवं टोकन (व्हॉल्टला ओळख पटवणारा मुदतीचा परवाना) घालतं, चालू होतं, आणि महिन्याने पुन्हा तेच.
- काही विनंत्या जातात, काही फसतात. पुन्हा प्रयत्न केला की जाते.
- 503 आणि ‘व्हॉल्ट इज सील्ड’, म्हणजे व्हॉल्ट स्वतःच कुलूपबंद.
- लॅपटॉपवरून वाचता येतं, पॉडमधून (कुबरनेटिस क्लस्टरमध्ये ॲप ज्यात चालतं त्या डब्यातून) येत नाही.
- सिक्रेट होतं, पाथ (सिक्रेटचा व्हॉल्टमधला पत्ता) तोच आहे, पण आता 404, म्हणजे ‘सापडलं नाही’.
- व्हॉल्ट उत्तरच देत नाही, विनंती लटकून राहते.
- क्लस्टर अपग्रेड झाल्यावर सगळ्याच पॉडचं लॉगिन एकदम फसू लागतं.

या सगळ्यांना लोक ‘व्हॉल्ट बिघडलाय’ म्हणतात. बहुतेक वेळा व्हॉल्ट बिघडलेला नसतो. त्याच्या आत एकामागे एक अशा भिंती आहेत आणि तुमची विनंती त्यांतल्या एकीवर अडते. कुठल्या, ते शोधलं की अर्धं काम झालं. ते न शोधता लोक पॉलिसी, म्हणजे कुणाला कुठला पाथ उघडा याचे नियम, सैल करतात, सगळ्यांना सगळं उघडं करतात, आणि ज्या कारणासाठी व्हॉल्ट बसवला तेच घालवून बसतात. हे मी वारंवार पाहिलं आहे आणि दर वेळी जीव तुटतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. 403 मुद्दामच मोघम ठेवला आहे. तुम्हाला हक्क नसलेला पाथ अस्तित्वात आहे की नाही, हे व्हॉल्ट सांगत नाही. ‘असा पाथ नाही’ असं सांगायला लागला, तर चोराला आतली खोली न् खोली मोजता येईल. म्हणून चुकीचा पाथ, संपलेलं टोकन आणि अपुरी पॉलिसी, तिन्हींना बाहेरून जवळपास तेच उत्तर मिळतं. नव्या आवृत्त्यांत टोकन चुकीचं असेल तर ‘इनव्हॅलिड टोकन’ अशी जास्तीची ओळ येते. ती दिसली तर पॉलिसीकडे वळूच नका.

खालचे आदेश उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. क्रम स्वस्तापासून महागाकडे आहे. पहिल्या दोन तपासण्यांना पाच मिनिटं लागतात आणि माझ्याकडे येणारी बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

1. सील उघडं आहे का?

‘व्हॉल्ट स्टेटस’ चालवा. त्यात ‘सील्ड’ समोर ‘ट्रू’ असेल तर बाकी काहीही तपासण्यात अर्थ नाही. या आदेशाचा एक्झिट कोडही बोलका आहे: 0 म्हणजे उघडा, 2 म्हणजे सील, 1 म्हणजे व्हॉल्टपर्यंत पोचताच आलं नाही. 1 आला तर पत्ता बघा. पत्त्याचा व्हेरिएबल सेट नसेल तर व्हॉल्टचं क्लायंट स्वतःच्याच मशीनच्या 8200 पोर्टवर शोधत बसतं, तेही एचटीटीपीएसने.

हे आधी का बघायचं, ते कळायला आतली साठवण माहीत हवी. व्हॉल्ट डिस्कवर जे लिहितो ते सगळं एईएस-जीसीएम पद्धतीने, 256 बिटच्या किल्लीने कुलूपबंद करूनच लिहितो. या कुंपणाला बॅरियर म्हणतात. डिस्कवर, कॉन्सलमध्ये किंवा राफ्टच्या फायलींत (व्हॉल्टचा डेटा ठेवायच्या या दोन व्यवस्था) जे पडलेलं असतं त्यावर व्हॉल्टचा स्वतःचाही विश्वास नसतो. ही एन्क्रिप्शन किल्ली डेटाच्या शेजारीच असते, पण ती रूट किल्लीने बंद केलेली असते, आणि रूट किल्ली अनसील किल्लीने. अनसील किल्ली मात्र कुठेच साठवलेली नसते. तिचे तुकडे माणसांकडे असतात. म्हणून प्रोसेस रिस्टार्ट झाली, मशीन पॅच झालं, पॉड हलला, की मेमरीतली किल्ली जाते आणि व्हॉल्ट सील होऊनच उठतो.

तुकडे करायची रीत आदी शमीर यांनी 1979 मध्ये मांडली. व्हॉल्टमध्ये काही सांगितलं नाही तर 5 तुकडे होतात आणि कुठलेही 3 लागतात. दोन तुकडे हातात असणाऱ्याला किल्लीचा दोन पंचमांश भाग कळतो असं नाही, त्याला काहीच कळत नाही. वक्ररेषा ठरवायला तीन बिंदू लागत असतील, तर दोन बिंदूंतून असंख्य वक्ररेषा जातात. मला ही कल्पना अजूनही फार सुंदर वाटते.

तिची दुसरी बाजूही मी भोगली आहे. एका वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी रात्री सर्व्हरवर पॅच लागले आणि व्हॉल्ट सील झाला. पाचांपैकी तिघे तुकडेधारक कोकणात गावी गेलेले. दोन तुकडे पुण्यात होते, तिसऱ्यासाठी एका सहकाऱ्याला घराबाहेर पडून रेंज मिळेपर्यंत घाटी चढावी लागली. साडेतीन तास पेमेंट बंद होती. तेव्हापासून गणपती आणि दिवाळीच्या रजा लागायच्या आधी मी एक फोन-फेरी करतो: निदान तिघे तरी हाताशी आहेत ना?

काही विनंत्या जातात आणि काही फसतात, हे लक्षण असेल तर ‘स्टेटस’ प्रत्येक नोडवर, म्हणजे व्हॉल्ट चालवणाऱ्या प्रत्येक मशीनवर, वेगळा चालवा. प्रत्येक नोड स्वतंत्रपणे अनसील करावा लागतो. तीनातला एक सील राहिला आणि विनंत्या नोडांत वाटणारा लोड बॅलन्सर फक्त पोर्ट उघडा आहे का एवढंच बघत असेल, तर तो सील नोडकडेही विनंत्या पाठवत राहतो. तपासणी हेल्थच्या पाथवर लावा. चालू नोड 200 देतो, स्टँडबाय 429, सील झालेला 503, आणि अजून इनिशियलाइझच न झालेला 501.

‘स्टोरेज टाइप’ समोर ‘इनमेम’ दिसलं तर तो डेव्ह मोडमध्ये चालू आहे, म्हणजे सगळं फक्त मेमरीत. रिस्टार्टबरोबर सिक्रेटं गेली, ती परत मिळत नाहीत.

2. टोकन जिवंत आहे का, आणि ते तेच आहे का?

ज्या ठिकाणी अडचण आहे त्याच ठिकाणाहून, म्हणजे त्याच पॉडमधून किंवा त्याच युजरने, ‘व्हॉल्ट टोकन लुकअप’ चालवा. लॅपटॉपवर चालवून उपयोग नाही.

‘तेच टोकन’ हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण लॅपटॉपवर चालतं आणि तिथे चालत नाही यामागे बहुधा हाच असतो. क्लायंट टोकन दोन ठिकाणी शोधतं: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आणि होम डिरेक्टरीतल्या लपलेल्या फायलीत. दोन्हीकडे असेल तर व्हेरिएबल जिंकतो. तुम्ही ‘लॉगिन’ करून नवं टोकन घेतलं, ते फायलीत गेलं, आणि शेलमध्ये गेल्या आठवड्याचा व्हेरिएबल तसाच बसलेला, तर दहा वेळा लॉगिन करूनही 403 च येणार.

आणखी एक बारीक गोष्ट. कुबरनेटिससाठी टोकन किंवा सिक्रेट-आयडी (ॲपच्या लॉगिनचा गुप्त भाग) बेस64 या लिपीत बदलताना लोक ‘इको’ वापरतात, आणि शेवटी नवी ओळ चिकटते. डोळ्यांना दिसत नाही. लांबी मोजा, एक अक्षर जास्त निघेल.

मदत मागताना टोकन चॅटवर टाकू नका. लुकअपमध्ये ‘ॲक्सेसर’ नावाची वेगळी ओळ असते, ती द्या. ॲक्सेसरने टोकनची माहिती बघता येते, त्याच्या नावावर सिक्रेट वाचता येत नाही.

3. दर 32 दिवसांनी पडतंय का?

महिन्याने पुन्हा उद्भवणारा बिघाड असेल तर कॅलेंडर उघडा आणि मागच्या दोन-तीन वेळच्या तारखा लिहा. अंतर 32 दिवसांचं निघालं तर उत्तर मिळालं. व्हॉल्टमध्ये टोकनची मूळ कमाल मुदत 768 तास आहे, म्हणजे बरोबर 32 दिवस. नूतनीकरण कितीही केलं तरी साधं टोकन या मर्यादेपलीकडे जात नाही.

पण अंतर 32 नसून वेडंवाकडं असेल, तर बघायची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे मी थोडा थांबतो, कारण हा बिघाड सर्वांत जास्त रडवतो.

‘टोकन क्रिएट’ने बनवलेलं टोकन हे ज्या टोकनने ते बनवलं त्याचं अपत्य असतं. पालक संपला किंवा रद्द झाला की सगळी अपत्यं, त्यांची अपत्यं, आणि त्यांच्या नावावर दिलेले सगळे लीज (मुदतीवर दिलेली सिक्रेटं) एकाच वेळी रद्द होतात. हे चांगल्यासाठीच आहे. एखादं टोकन फुटलं तर त्याच्यापासून निघालेलं सगळं झाड एका घावात तोडता यावं.

आता प्रत्यक्षात होतं काय? एक इंजिनिअर सकाळी स्वतःच्या नावाने लॉगिन करतो. ॲपसाठी एक टोकन बनवून कॉन्फिगमध्ये घालतो. ॲपच्या टोकनवर लिहिलेलं असतं 30 दिवस, त्यामुळे सगळे निश्चिंत. पण त्याचं स्वतःचं टोकन 12 तासांचं. रात्री ते संपतं आणि ॲपचं टोकन त्याच्यासोबत जातं. त्याने मध्ये जितक्या वेळा नूतनीकरण केलं तितकी मुदत लांबते, म्हणून ॲप कधी एका दिवसाने पडतं, कधी चार दिवसांनी, आणि कुणाला मेळ लागत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात व्हॉल्टचं नावच नव्हतं. तक्रार होती की पोस्टग्रेस ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणतोय. डेटाबेसमध्ये पाहिलं तर तो युजरच नाहीसा झालेला. डायनॅमिक क्रेडेन्शियल वापरली की व्हॉल्ट दर लीजला नवा युजर तयार करतो. पोस्टग्रेसमध्ये त्याचं नाव ‘व्ही’ने सुरू होतं आणि शेवटी युनिक्स वेळ असते. ॲपच्या लॉगमध्ये ते नाव सापडलं, शेवटचे दहा आकडे तारखेत बदलले, तर युजर मंगळवारी सकाळी जन्मलेला. त्याच दिवशी एका मुलाने हाताने टोकन बनवून दिलं होतं. पालक गेला, अपत्य गेलं, लीज गेला, युजर गेला. दोष दिसत होता पोस्टग्रेसमध्ये.

लुकअपमध्ये ‘ऑर्फन’ (पालक नसलेलं) समोर ‘फॉल्स’ असेल आणि टोकन ॲपचं असेल, तर ते हाताने बनवलेलं अपत्य आहे. खरा उपाय म्हणजे ॲपने स्वतः लॉगिन करणं, ॲपरोलने (रोल-आयडी आणि सिक्रेट-आयडी देऊन) किंवा कुबरनेटिस पद्धतीने. लॉगिनमधून मिळालेलं टोकन कुणाचंच अपत्य नसतं. एखाद्या जुन्या ॲपला लॉगिन शिकवणं शक्यच नसेल तर ‘पीरियड’ असलेलं ऑर्फन टोकन द्या. ते दर मुदतीत नूतनीकरण होत राहिलं तर कमाल मर्यादेला अडत नाही. पण नूतनीकरण करणारं कुणीतरी हवं. व्हॉल्ट एजंट ते करतो.

ॲपरोल असेल तर सिक्रेट-आयडीची मुदत आणि तो किती वेळा वापरता येतो, हे दोन्ही बघा. ‘एकदाच’ असं लावलेलं असेल तर पॉड पहिल्यांदा उठतो, रिस्टार्टनंतर उठत नाही.

4. पॉलिसी खऱ्या पाथवर आहे का?

टोकन ठणठणीत असेल तरच इथे या. व्हॉल्टमध्ये जे स्पष्ट दिलेलं नाही ते नाकारलेलं असतं, त्यामुळे पाथमध्ये एका शब्दाचा फरक पडला तरी दार बंद.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते केव्ही इंजिनाच्या, म्हणजे साधी सिक्रेटं नाव-मूल्य जोडीने ठेवणाऱ्या भागाच्या, दुसऱ्या आवृत्तीत. आदेश तुम्ही देता ‘सिक्रेट/पेमेंट/डीबी’ असा. पॉलिसीही तशीच लिहिता. पण ही आवृत्ती प्रत्येक सिक्रेटच्या जुन्या प्रती ठेवते, आणि त्यासाठी मजकूर ‘डेटा’खाली आणि प्रतींची नोंद ‘मेटाडेटा’खाली असते. आदेशपट्टीवरचं क्लायंट मधला शब्द स्वतः घालून घेतं, पॉलिसी घालत नाही. म्हणून वाचण्यासाठी हक्क हवा ‘सिक्रेट/डेटा/पेमेंट/’ खालच्या पाथवर, आणि यादी बघण्यासाठी ‘सिक्रेट/मेटाडेटा/पेमेंट/’ वर. ‘प्रीफ्लाइट कॅपेबिलिटी चेक’ असे शब्द असलेला 403 आला, तर त्या माउंटखाली (इंजिन ज्या नावाने बसवलं आहे त्या पाथखाली) तुमच्या टोकनला काहीच हक्क नाही, असं समजा.

अंदाज करत बसू नका. ‘टोकन कॅपेबिलिटीज’ला पूर्ण पाथ द्या, ‘डेटा’सकट. उत्तर ‘डिनाय’ आलं तर भिंत सापडली. कुठली पॉलिसी लिहायची हे सुचत नसेल तर जो आदेश फसतोय त्यालाच ‘आउटपुट पॉलिसी’चा फ्लॅग लावा. लागतो तेवढाच हक्क तो लिहून देतो.

तारकेबद्दल दोन शब्द. ती पाथच्या शेवटीच चालते, मधला एक टप्पा मोकळा सोडायचा तर अधिकचं चिन्ह. ‘पेमेंट/*’ लिहिलं तर ‘पेमेंट’ हा पाथ स्वतः त्यात येत नाही. ‘पेमेंट*’ लिहिलं तर ‘पेमेंटजुनं’ही येतं, जे तुम्हाला नको असतं. आणि ‘डिनाय’ कुठेही लागू होत असेल तर त्याच पाथवरच्या बाकी परवानग्या गेल्या.

आता ते, ज्यात अनुभवी माणसंही फसतात. पॉलिसीतला मजकूर बदलला की तो जुन्या टोकनलाही लगेच लागू होतो. पण रोलला (लॉगिन करणाऱ्याला कुठल्या पॉलिसी मिळतील ते ठरवणाऱ्या नोंदीला) नवी पॉलिसी जोडली तर ती फक्त यापुढे निघणाऱ्या टोकनला मिळते, कारण टोकनवर पॉलिसींची नावं जन्मताना कोरली जातात. “रोल दुरुस्त केला तरी 403 येतोय” असं कुणी म्हणालं की मी एवढंच सांगतो: पुन्हा लॉगिन करा.

5. माउंट तोच आहे का?

सिक्रेट होतं, पाथ तोच, आता 404, हे लक्षण असेल तर सावध व्हा. इथे चुकीचं पाऊल महाग पडतं.

व्हॉल्टची आतली विभागणी इथे स्पष्ट दिसते. कुठलंही सिक्रेट इंजिन माउंट केलं की व्हॉल्ट त्याला एक यादृच्छिक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुणाचा नसलेला ओळख क्रमांक, देतो, आणि त्या इंजिनाचा सगळा डेटा साठवणीत त्याच आयडीच्या फोल्डरखाली जातो. इंजिनाच्या दृष्टीने ते फोल्डर म्हणजेच सगळं जग. दोन टिंबं देऊन वरच्या फोल्डरमध्ये जाण्याची सोयच तिथे नाही. त्यामुळे एखाद्या इंजिनात दोष असला, किंवा कुणी मुद्दाम वाईट प्लगिन घातला, तरी त्याला शेजारच्या इंजिनाच्या साठवणीत हात घालता येत नाही. तुम्ही दिलेलं ‘पेमेंट’ वगैरे नाव ही फक्त दारावरची पाटी आहे.

आणि म्हणूनच, इंजिन ‘डिसेबल’ करून त्याच नावाने पुन्हा ‘एनेबल’ केलं, तर पाटी तीच पण खोली नवी. नवा यूयूआयडी, रिकामं फोल्डर. जुन्या फोल्डरमधला डेटा ‘डिसेबल’ करतानाच पुसला जातो. ‘बंद करून चालू करून बघू’ ही आपल्या सगळ्यांची जुनी सवय इथे सिक्रेटं घालवते. माउंटचं नाव बदलायचं असेल तर ‘सिक्रेट्स मूव्ह’ आहे. तो डेटा राखतो. पॉलिसींमधले पाथ मात्र तुम्हाला हाताने बदलावे लागतात, आणि जुने लीज रद्द होतात.

तपासायचं असं: ‘सिक्रेट्स लिस्ट’ला ‘डिटेल्ड’चा फ्लॅग लावा, प्रत्येक माउंटचा यूयूआयडी दिसेल. मी ही यादी दर महिन्याला रनबुकमध्ये चिकटवून ठेवतो. आयडी बदललेला दिसला तर कुणीतरी खोली बदलली आहे, आणि आता स्नॅपशॉटशिवाय (साठवणीच्या आधी काढलेल्या प्रतीशिवाय) मार्ग नाही.

आयडी तोच असेल तर घाबरू नका. केव्हीच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘डिलीट’ म्हणजे झाकून ठेवणं. ‘अनडिलीट’ने परत येतं. ‘डिस्ट्रॉय’ केलेलं येत नाही. काही सेटिंग नसेल तर शेवटच्या 10 आवृत्त्या राहतात, त्यामागच्या गळतात.

एंटरप्राइझ आवृत्तीत नेमस्पेस (एकाच व्हॉल्टमधले स्वतंत्र कप्पे) असतील तर नेमस्पेसचा व्हेरिएबल किंवा हेडर बघा. चुकीच्या नेमस्पेसमध्ये योग्य टोकनही परकं ठरतं. ओपनबाओ वापरणाऱ्यांनी, म्हणजे 2023 मधल्या परवाना बदलानंतर वेगळ्या झालेल्या शाखेवर असणाऱ्यांनी, ही सगळी तपासणी जशीच्या तशी करायला हरकत नाही. पाया तोच आहे.

6. उत्तरच येत नसेल तर डिस्क

ऑडिट चालू असेल तर व्हॉल्ट प्रत्येक विनंतीची नोंद झाल्याशिवाय उत्तर देत नाही. निदान एका ऑडिट डिव्हाइसमध्ये नोंद व्हायलाच हवी. डिस्क भरली, नोंद होत नाही, की व्हॉल्ट थांबतो. कोण काय घेऊन गेलं हे लिहिता येत नसेल तर द्यायचंच नाही, असा त्याचा नियम आहे आणि तो योग्य आहे.

डिस्कची जागा बघा. जुने लॉग हलवूनही जागा मोकळी होत नसेल तर व्हॉल्ट जुन्याच उघड्या फायलीत लिहितोय. लॉगरोटेटनंतर प्रोसेसला हँगअप सिग्नल गेला पाहिजे, तेव्हा तो फाइल नव्याने उघडतो. घाईत ऑडिट बंद करून टाकू नका. आधी जागा मोकळी करा, आणि व्हॉल्ट चालू झाला की दुसऱ्या डिस्कवर दुसरं ऑडिट डिव्हाइस जोडा.

ऑडिट लॉग 403 शोधायलाही सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. सिक्रेट आणि टोकन त्यात हॅश होऊन येतात, पण मागितलेला पाथ उघड असतो. ॲप खरोखर काय मागतंय हे तिथेच कळतं. एकदा तिथे ‘डेटा/डेटा’ असा पाथ दिसला होता. लायब्ररी एक ‘डेटा’ घालत होती, डेव्हलपरने दुसरा घातला होता. दोन दिवस आम्ही पॉलिसी वाचत बसलो होतो.

7. सगळ्या पॉडचं लॉगिन एकदम फसत असेल

कुबरनेटिस पद्धतीत पॉड आपलं सर्व्हिस अकाउंट टोकन दाखवतो, आणि व्हॉल्ट ते क्लस्टरच्या एपीआयकडून खरं करून घेतो. त्या विचारणीसाठी व्हॉल्टला स्वतःचं एक टोकन लागतं. पूर्वी ती टोकनं कायमची असायची. कुबरनेटिस 1.21 पासून पॉडना मुदतीची टोकनं मिळू लागली, आणि 1.24 पासून सर्व्हिस अकाउंटसाठी कायमचं सिक्रेट आपोआप बनणं थांबलं. जुन्या काळी हाताने चिकटवलेलं टोकन संपलं की सगळेच पॉड एकदम बाहेर. व्हॉल्ट त्याच क्लस्टरमध्ये असेल तर ते टोकन कॉन्फिगमधून काढून टाका. मग तो स्वतःच्या पॉडमधलं टोकन वेळोवेळी नव्याने वाचतो. त्याच्या सर्व्हिस अकाउंटला ‘ऑथ-डेलिगेटर’ हा रोल आहे ना, तेही बघा. एकच ॲप फसत असेल तर मात्र रोलमध्ये बांधलेलं सर्व्हिस अकाउंटचं नाव आणि कुबरनेटिसची नेमस्पेस तपासा. डिप्लॉयमेंटचं नाव बदलताना ते मागे राहतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

सिक्रेट-आयडीसारखी गोष्ट कधी कधी एकदाच उघडणाऱ्या पाकिटात घालून, म्हणजे रॅप करून, पाठवतात. असं रॅप केलेलं टोकन उघडताना ‘व्हॅलिड नाही किंवा अस्तित्वात नाही’ असं आलं, तर नवं मागून पुढे जाऊ नका. रॅप केलेली गोष्ट त्या एका टोकनच्या कबीहोलमध्ये, म्हणजे खाजगी खणात, असते. तिथे दुसरं कुठलंही टोकन पोचत नाही, रूटसुद्धा नाही, आणि ती एकदाच उघडते. मुदत संपलेली नसेल तर तुमच्या आधी कुणीतरी ती उघडली आहे. तत्काळ सिक्युरिटी टीमला कळवा, तो दिलेला सिक्रेट-आयडी रद्द करायला सांगा, आणि लॉगला हात लावू नका.

ऑटो-अनसील (माणसांच्या तुकड्यांऐवजी क्लाउडमधल्या किल्लीने सील उघडणं) वापरत असाल आणि क्लाउडमधली किल्ली सापडत नसेल, तर काहीही रिस्टार्ट करू नका. जो नोड अजून चालू आहे त्याच्या मेमरीत किल्ली आहे. तो बंद झाला की तीही गेली. ऑटो-अनसीलमध्ये मिळालेले रिकव्हरी तुकडे रूट किल्ली उघडू शकत नाहीत, हे अनेकांना तेव्हाच कळतं. क्लाउडची किल्ली कायमची गेली तर बॅकअपही उघडत नाही. एडब्ल्यूएसवर किल्ली पुसायला टाकली तरी 7 ते 30 दिवसांची प्रतीक्षा असते आणि तेवढ्यात ते पुसणं रद्द करता येतं. क्लाउडचा खातेधारक शोधा, रात्रीचे दोन वाजले असले तरी उठवा.

राफ्टचे तीनापैकी दोन नोड गेले असतील तर कोरम, म्हणजे क्लस्टर चालायला लागणारं बहुमत, नाही. उरलेल्या एकावर ‘पीअर्स’ची फाइल हाताने लिहून क्लस्टर उठवता येतो, पण हे पहिल्यांदाच करणाऱ्याने एकट्याने करू नये. आधी डेटा डिरेक्टरीची पूर्ण प्रत काढा आणि ज्याने हे आधी केलं आहे त्याला बोलवा. जुना स्नॅपशॉट परत घालायचा झाला तर तो काढला तेव्हाचेच अनसील तुकडे लागतात. मध्ये रीकी (नवे अनसील तुकडे बनवणं) झालं असेल तर जुने तुकडे कुणाकडे आहेत हे आधी विचारा.

बिघाड चालू असताना रीकी करू नका, आणि ॲपला ‘तात्पुरतं’ रूट टोकन (सगळे हक्क असलेलं) देऊ नका. रूट टोकन खरोखर लागलंच तर तुकडेधारकांसमोर तयार करा, काम करा, त्याच बैठकीत रद्द करा.

बोलावलेल्या माणसासाठी हे तयार ठेवा: पहिली फसलेली विनंती कधीची, ऑडिट लॉगमधला नेमका पाथ, टोकनचा ॲक्सेसर, प्रत्येक नोडवरचा ‘स्टेटस’, माउंटची यूयूआयडीसकट यादी, शेवटच्या स्नॅपशॉटची तारीख, आणि गेल्या दोन दिवसांत काय काय बदललं. टोकन किंवा अनसील तुकडा मात्र कुणी मागितला तरी पाठवू नका, बोलावलेल्या माणसानेही मागू नये. तुकडा ज्याचा, त्याने तो स्वतःच्या हाताने टाकायचा.